घोड्यावरचे अप्पा

वसईच्या किल्ल्यातल्या अप्पांना रोज दुसऱ्याच नावानं नमस्कार होतो. सुट्टीच्या दिवशी नालासोपाऱ्याहून, विरारहून, अगदी बोरिवली-अंधेरीहून माणसं येतात. एखादं पोरगं वडिलांचा हात सोडवून पुढं पळतं. त्याला घोडा दिसतो, घोड्यावरचा वीर दिसतो आणि ते ओरडतं, "बाबा, शिवाजी महाराज!" बाबाही चालता चालता हात जोडतात. मागून येणारी आजी जवळ जाते, निरखून बघते आणि म्हणते, "महाराज नव्हेत रे, हे चिमाजी अप्पा." "ते कोण, आजी?" "थोरल्या बाजीरावांचे धाकटे भाऊ. त्यांनीच घेतली ना वसई!" पोराचं लक्ष तोवर घोड्याकडे गेलेलं असतं.

अप्पांना याचं वाईट वाटत नसावं. ते लढले ते शाहू छत्रपतींचे चाकर म्हणून, आणि शाहू हे शिवाजी महाराजांचे नातू. आपल्या वाट्याचा नमस्कार महाराजांच्या चरणी गेला तर अप्पांनी तो आनंदानं जाऊ दिला असता. वाईट वाटतं ते आम्हा वसईकरांना. ज्या माणसानं या गावासाठी आपलं सगळं पणाला लावलं, त्याला या गावात तरी त्याच्या स्वतःच्या नावानं ओळखावं, एवढीच इच्छा असते.

वसई रोड स्टेशनला उतरून पश्चिमेला किल्ल्याची बस किंवा रिक्षा पकडली, की माणिकपूर, बाभोळा, पारनाका मागे टाकत रस्ता वसई गावातून किल्ल्याकडे येतो. पुढे बंदर. सुमारे ११० एकरांचा हा किल्ला म्हणजे एके काळचं तटबंदीतलं अख्खं शहर होतं. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहानं वसई पोर्तुगीजांना दिली आणि पुढची दोनशे पाच वर्षं ती त्यांच्याकडे राहिली. गोव्याच्या खालोखाल उत्तरेकडच्या त्यांच्या मुलखाची ही राजधानी. कॅथीड्रल, जेझुइटांचं कॉलेज, फ्रान्सिस्कन आणि डॉमिनिकन मठ, तुरुंग, बाजार, सरदारांचे वाडे, सगळं या तटाच्या आत होतं. आज छपरं नाहीत, भिंती आहेत. भिंतींवर वड-पिंपळांच्या मुळांची जाळी आहे. अशा या उघड्या भिंतींच्या शेजारात अप्पांचं स्मारक आहे. जवळच नागेश्वराचं देऊळ, पलीकडे संत जोसेफ कॅथीड्रलचा उंच मनोरा, आणि दक्षिणेच्या दर्यादरवाज्यातून बाहेर पडलं की कोळीवाडा, होड्या आणि खाडी. खाडीच्या त्या तीरावर भाईंदर. २०२४ पासून इथून भाईंदरला रो-रो बोट जाते. मोटारी, रिक्षा, स्कूटर बोटीवर चढतात आणि काही मिनिटांत पलीकडे उतरतात. हीच खाडी अडवायला अप्पांना आरमार लागलं होतं.

पुतळ्यालाही स्वभाव असतो. शनिवारवाड्यासमोर थोरले बाजीराव घोड्यावर आहेत. त्यांच्या भोवती पुण्याची सगळी वर्दळ असते आणि ती त्यांना शोभते. बाजीराव म्हणजेच घोडदौड. १७२८ ची पालखेडची मोहीम म्हणजे मराठी घोड्यांच्या टापांनी निजामाला दमवून जिंकलेली लढाई. त्या माणसाला घोड्याशिवाय उभं करताच येणार नाही. अप्पांचं तसं नाही. ते धाकटे. जन्म १७०७ चा, म्हणजे भावापेक्षा सात वर्षांनी लहान. वडील बाळाजी विश्वनाथ १७२० मध्ये गेले तेव्हा बाजीराव विशीत होते आणि अप्पा जेमतेम तेरा वर्षांचे. त्या दिवसापासून थोरल्यानं स्वारीवर जायचं आणि धाकट्यानं मागचं सगळं सांभाळायचं, अशी घराची घडी बसली. सातारच्या दरबारातली मनं राखायची, फौजेला पैसा पुरवायचा, सावकारांना तोंड द्यायचं, मातोश्री राधाबाईंचं घर बघायचं आणि भावाच्या संसारात जे वादळ उठलं त्याचीही झळ सोसायची. त्यात प्रकृती नाजूक, छातीचं दुखणं कायमचं मागं लागलेलं.

लढाईतही हा माणूस कमी नव्हता. १७२८ च्या नोव्हेंबरात माळव्यात अमझेऱ्याला मोगलांचा सुभेदार गिरिधर बहादूर याचा त्यांनी धुव्वा उडवला, तेव्हा अप्पा एकवीस वर्षांचे होते. १७३६ च्या एप्रिलात रेवसजवळ सिद्दी सात त्यांच्या हातून पडला आणि कोकणपट्टीनं सुटकेचा श्वास घेतला. या दोन्ही ठिकाणी घोडा त्यांच्याखाली शोभला असता. पण त्यांचा पुतळा लोकांनी वसईत उभारला, आणि तेच बरोबर केलं. कारण अप्पांचं खरं मोठेपण जिथं कसाला लागलं ते ठिकाण हेच. आणि इथं घोड्याचा उपयोग जवळजवळ नव्हता.

पुतळ्याजवळ उभं राहिलं की मला हेच सारखं वाटतं. वर मान करून बघणाऱ्याला स्वार दिसतो, म्हणून तो समजतो की टापा वाजवत फौज आली, तलवारी चमकल्या आणि किल्ला पडला. वसई तशी पडलेली नाही. ती पायी चालणाऱ्यांनी, चिखल-वाळूत लोळणाऱ्यांनी आणि जमीन खणणाऱ्यांनी घेतली आहे.

मोहिमेची सुरुवात दोन वर्षं आधीची. साष्टी-वसईतल्या पोर्तुगीज अंमलाला लोक कंटाळले होते. देवळं पाडलेली, सण-समारंभांवर बंदी, कर जबर. भिवंडीजवळच्या अंजूरच्या गंगाजी नाईकांनी आणि त्यांच्या भावांनी पेशव्यांकडे खेटे घातले, आतल्या वाटा दाखवल्या, माणसं जोडून दिली. गुरुस्थानी असलेल्या ब्रह्मेंद्रस्वामी धावडशीकरांचाही लकडा होता. १७३७ च्या उन्हाळ्यात ठाणं घेतलं, साष्टीत मराठे शिरले, अर्नाळा हाती आला. वसई मात्र राहिली. मग १७३८ च्या अखेरीस अप्पा स्वतः मोठी फौज घेऊन उतरले आणि उत्तरेकडून एकेक ठाणं घेत आले. आपल्या पालघर जिल्ह्याच्या नकाशावर बोट ठेवून ही वाट आजही दाखवता येते: माहीम, केळवे, शिरगाव, तारापूर. आज या गावांत आपण समुद्रावर फिरायला जातो.

तारापूरला तटावर चढताना बाजी भिवराव रेठरेकर पडला. अप्पांचा जिवाचा माणूस. त्याच्या आईला अप्पांनी सांत्वनाचं पत्र लिहिलं. पुढची लढाई तोंडावर, समोर वसई, मागे भावाचे तगादे, आणि हा सेनापती एका म्हातारीला पत्र लिहायला बसतो. पुतळ्याच्या चेहऱ्यावर मूर्तिकार पराक्रम दाखवू शकतो. ही बाजू दाखवणं कुणालाच जमायचं नाही. म्हणून पाहणाऱ्यानं ती सोबत घेऊन यावी.

१७३९ च्या फेब्रुवारीत वसईला वेढा पडला. किल्ल्याची जागा अशी, की पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला खाडी, पूर्वेला दलदल. पाण्याच्या बाजूनं मानाजी आंग्रे यांचं आरमार होतं, ते रसद अडवी. पण तट गाठायचा तर उत्तरेची चिंचोळी जमीन एवढीच वाट. तिथं पोर्तुगीजांनी भक्कम बुरूज उभे केले होते. समोर सपाट पुळण. आडोसा म्हणून झुडूपसुद्धा नाही. दिवसा डोकं वर काढलं की तटावरून गोळी येई.

मग काम सुरू झालं ते कुदळ-फावड्याचं. रात्री चर खणायचा, दिवसा त्यात दबून बसायचं. चर सरळ तटाकडे नेता येत नाही, कारण तटावरचा गोलंदाज त्याच्या आरपार मारा करतो. तो वाकडातिकडा न्यावा लागतो. प्रत्येक वळणावर वाळू भरलेल्या पेट्या-पोती रचायची, लाकडाची आणि मातीची आड करायची, मग पुढचं वळण. वाळूत खणलेलं ढासळतं, पुन्हा उपसा. थोडं खोल गेलं की पाणी लागतं, ते बादल्यांनी काढा. वरून तोफा, आणि मधूनच पोर्तुगीज शिबंदी बाहेर पडून छापा घाली तेव्हा हातातलं फावडं टाकून तलवार घ्यायची. असे हे मोर्चे दिवसांमागून दिवस, हातभर-हातभर पुढे सरकत तटाच्या पायथ्याला भिडले. मार्च गेला, एप्रिल गेला. कोकणातल्या एप्रिलचं ऊन ज्यानं अंगावर घेतलंय त्याला या कामाची कल्पना येईल.

पायथा गाठल्यावर सुरुंग. तटाच्या खालून घुशीच्या बिळासारखी अरुंद वाट पोखरायची, तीत एका वेळी एकच माणूस ओणवा बसून खणणार, मागचा माती ओढणार. दिवा जेमतेम मिणमिणता. आत हवा नाही. वर शत्रू कान लावून बसलेला. खणण्याचा आवाज आला तर तोही उलटा सुरुंग खणतो, वरून पेटती दारू, उकळतं तेल, दगड टाकतो. बुरुजाच्या पोटाखाली पोचलं की दारूचे बुधले ठासायचे, वात बाहेर आणायची आणि वाट मातीनं घट्ट बुजवायची, म्हणजे स्फोटाचा जोर मागे न येता वर जातो. यातलं काहीही एक चुकलं की खणणारा तिथंच गाडला जातो.

मे महिन्यात उत्तरेच्या संत सेबास्तियन बुरुजाखालचे सुरुंग पेटवले. पहिल्या धडाक्यानं तटाला खिंडार पडलं, मराठे हर हर महादेव करत आत घुसले, आणि उशिरा पेटलेला सुरुंग नेमका त्यांच्याच पायाखाली उडाला. माणसं आणि दगड एकत्रच आकाशात गेले. मागची रांग मागं फिरली नाही. ती त्याच खिंडारात पुन्हा शिरली. मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे या नावाजलेल्या सरदारांनी इथं शर्थ केली. दोन दिवस बुरुजावर हातघाई चालली. पोर्तुगीजही जिवावर उदार होऊन लढले, हे सांगितलंच पाहिजे. त्यांचा सेनापती सिल्वेरा वेढ्यातच कामास आला होता. त्याच्या जागी आलेल्या कायतान द सौझा परेरानं शेवटी १६ मे १७३९ ला तहावर सही केली. त्यांचे आठशेच्या आसपास लोक कामी आल्याचं इतिहासकार सांगतात. आपले पडले ते हजारांत. अप्पांनी स्वतः लिहिलेल्या पत्रांतून विजयाच्या आनंदाबरोबर या माणसांचा शोकही दिसतो.

किल्ला काही केल्या पडेना तेव्हा 'मग माझं डोकं तरी तोफेनं उडवून किल्ल्यात टाका' असं अप्पा सरदारांना म्हणाले, ही गोष्ट महाराष्ट्रात पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. ती अक्षरशः तशीच घडली असेल-नसेल. पण ती वसईविषयीच सांगितली जाते, दुसऱ्या कुठल्या लढाईविषयी नाही, याला महत्त्व आहे. घोड्यावरून किल्ला जिंकणारा सेनापती असं बोलत नाही. महिनोन् महिने चरात बसलेल्या माणसांच्या शेजारी राहून, रोज प्रेतं मोजून ज्याचा धीर पणाला लागलाय, तोच असं बोलेल.

म्हणून मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो की अप्पांना नमस्कार करा आणि मग त्यांच्या घोड्याच्या पायांकडे बघा. त्या पायांखालच्या जमिनीवरून पुढं उत्तरेला जा. भूदरवाज्यापाशी पोचा. तिथला तट हातानं चाचपून बघा. काळा दगड, चुना, आणि दगडादगडांत इतकी घट्ट सांध की तीनशे-चारशे पावसाळे होऊनही बोटाचं नख शिरत नाही. वर चढून बाहेर पाहिलं की आज घरं, रस्ता, झाडं दिसतात. त्या जागी पुळण कल्पा. तिच्यात कुणबी, आगरी, कोळी, मावळे, बेलदार, गवंडी, पाथरवट वाकून बसलेत असं डोळ्यांपुढं आणा. त्यांच्यापैकी बहुतेकांची नावं कुठल्याही कागदावर नाहीत. स्मारकं सेनापतींची होतात, हे जगभर असंच आहे. मला त्यात गैर वाटत नाही. एका चेहऱ्यावाचून हजारांची आठवण धरून ठेवता येत नाही. पण तो चेहरा पाहून ते हजार आठवले नाहीत, तर पाहणं अर्धंच झालं.

अप्पांच्या स्वभावातली मला सर्वांत भावणारी गोष्ट जिंकल्यानंतरची आहे. इतकी माणसं मेल्यावर, इतका राग साठल्यावर, तहाच्या अटी त्यांनी सभ्य माणसाच्या दिल्या. पोर्तुगीज शिबंदीनं हत्यारांनिशी, निशाणं फडकवत, वाद्यं वाजवत बाहेर पडावं. ज्यांना जायचं त्यांनी बायकामुलं आणि चीजवस्तू घेऊन जावं. ज्या ख्रिस्ती लोकांना राहायचं त्यांनी राहावं, आपला धर्म पाळावा. २३ मे ला पोर्तुगीज गेले आणि मराठे किल्ल्यात आले. कत्तल झाली नाही.

त्याचं फळ आज वसईत डोळ्यांनी दिसतं. इथला ख्रिस्ती समाज इथंच राहिला. वाडवळ, सामवेदी, कोळी, आगरी, भंडारी यांच्या शेजारी वाडीत केळी आणि पानवेल लावत, विहिरीचं पाणी पाटानं फिरवत, घरात मराठीच्या आपापल्या बोली बोलत राहिला. याच वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर गेले आणि १८६२ मध्ये संतपदी पोचले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे नंदाखालचे. त्यांनी आयुष्यभर मराठीत लिहिलं आणि उस्मानाबादच्या त्र्याण्णवाव्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. किल्ल्यात आलेल्या एका सामवेदी ख्रिस्ती आजींना मी विचारलं होतं, "आजी, तुम्हाला अप्पांविषयी काय वाटतं?" लाल लुगड्याचा पदर सारखा करत त्या म्हणाल्या, "काय वाटायचं बाळा? आम्ही इथलेच. ते आले नि आम्हाला राहू दिलं. पुढचं देव बघतो." जवळच्या कॅथीड्रलच्या मनोऱ्याकडे बघून त्यांनी छातीवर क्रूस केला आणि अप्पांच्या चौथऱ्याच्या सावलीत बसून नातवंडांना डबा उघडून दिला. अप्पांच्या नावानं कुणी शेजाऱ्याविषयी कडू बोलू लागलं की मला तहाच्या त्या अटी त्याला वाचून दाखवाव्याशा वाटतात.

चर्चच्या घंटा मात्र मराठ्यांनी विजयचिन्ह म्हणून नेल्या. त्या अजून वाजतात. नाशिकला गोदाकाठच्या नारोशंकराच्या देवळात एक आहे, तिच्यावर १७२१ साल आहे. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या घाटावर एक आहे, भीमाशंकरला एक. गोदावरीला पूर आला की नाशिककर अजूनही नारोशंकराच्या घंटेपर्यंत पाणी पोचलं का ते विचारतात. वसईत घडलेल्या लढाईची ही पोच महाराष्ट्रभर देवळादेवळांत टांगलेली आहे, आणि दर्शनाला जाणाऱ्या बहुतेकांना ते ठाऊक नसतं. इकडे वज्रेश्वरीच्या देवीला अप्पांनी वसईसाठी नवस केला होता अशी श्रद्धा आहे. किल्ल्यासारख्या तटाचं तिचं देऊळ वसईच्या विजयानंतर उभं राहिलं. मे महिन्यात विजयोत्सव होतो तेव्हा वज्रेश्वरीहून ज्योत येते, अप्पांना हार चढतात, ढोल-ताशे वाजतात, मर्दानी खेळ होतात. त्या दिवशी मात्र कुणीही त्यांना दुसऱ्या नावानं हाक मारत नाही.

एरवी ते एकटे असतात. पावसाळ्यात तर फारच. जूनमध्ये खाडीवरून आडवा पाऊस येतो, पडक्या भिंतींवर हिरवं शेवाळ चढतं, वाटा चिखलानं भरतात, फोटोवाले येत नाहीत. घोड्याच्या आयाळीवरून पाणी निथळत राहतं. या मोसमात अप्पांकडे बघताना एक गोष्ट कळते. ते मे महिन्याच्या मध्यावर जिंकले, आणि कोकणात पावसाला तेव्हा दोन-तीन आठवडेच उरलेले असतात. पाऊस पडला असता तर चर पाण्यानं भरले असते, सुरुंगातली दारू भिजली असती, आरमार बंदरात गेलं असतं, वेढा उठवावा लागला असता. तिकडे दिल्लीत नादिरशहा बसला होता, त्याच्या भीतीनं हिंदुस्थान हादरला होता, आणि बाजीराव उत्तरेकडे निघालेले असताना त्यांची निम्मी ताकद या वाळूत अडकून पडली होती. धाकट्या भावाच्या डोक्यावर किती ओझं होतं, ते पावसात भिजणाऱ्या या स्वाराकडे पाहताना जाणवतं.

आणि त्यानंतर किती थोडं आयुष्य मिळालं त्यांना! १७४० च्या एप्रिलात नर्मदाकाठी रावेरखेडीला बाजीराव गेले. भाऊ गेल्यावर अप्पा सावरलेच नाहीत. दुखणं बळावलं आणि १७ डिसेंबर १७४० ला पुण्यात त्यांचा अंत झाला. वय तेहेतीस. वसई घेतल्याला पुरती दोन वर्षंही झाली नव्हती. धाकटी पत्नी अन्नपूर्णाबाई सती गेल्या. पहिल्या पत्नी रखमाबाई आधीच वारल्या होत्या. त्यांचा मुलगा सदाशिव तेव्हा दहा वर्षांचा, आईबापाविना पोरका. हेच पुढे पानिपतावर गेलेले भाऊसाहेब. पुण्यात मुठेकाठी ओंकारेश्वराजवळ अप्पांची समाधी आहे. शनिवारवाड्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. वाडा बघायला आलेल्या गर्दीतले फार थोडे तिथवर जातात.

मराठ्यांनी वसईला बाजीपूर असं नाव दिलं होतं. विजय धाकट्याचा आणि नाव थोरल्याचं. अप्पांना ते मनापासून आवडलं असणार, याबद्दल मला शंका नाही. ते नाव टिकलं नाही. १७८० मध्ये इंग्रज सेनापती गॉडर्डनं किल्ला घेतला, आणि १८०२ च्या अखेरच्या दिवशी याच वसईत बाजीराव रघुनाथानं इंग्रजांशी तह करून पेशवाईची मान त्यांच्या हाती दिली. अप्पांनी इतक्या रक्तानं कमावलेली जागा त्यांच्याच घराण्यातल्या माणसाच्या सहीसाठी इतिहासात लक्षात राहावी, याचं दुःख कधी कमी होत नाही. शाळेच्या पुस्तकात 'वसईचा तह' म्हणून जे पाठ करतात ते १८०२ चं. १७३९ चा तह, ज्यात जिंकलेल्यानं हरलेल्याला मानानं जाऊ दिलं, तो कुणी पाठ करत नाही.

आता एक स्पष्ट मागणं. किल्ला केंद्राच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे, तरी त्याचं खरं रक्षण येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातात असतं. भिंतींवर खिळ्यानं नावं कोरलेली आहेत, कोनाड्यांत बाटल्या पडलेल्या असतात, लग्नाआधीच्या फोटोंसाठी माणसं पडक्या तटावर चढतात. अप्पांसमोर उभं राहून जयजयकार करायचा आणि पाच पावलांवर पाण्याची बाटली भिरकावायची, हे करू नका. मुलांना आणलंत तर त्यांना आधी भूदरवाज्याकडे न्या, उत्तरेच्या बुरुजावर उभं करून चर कुठून आले असतील ते त्यांनाच विचारा. मग पुतळ्याकडे या. त्यांना अप्पांचं पूर्ण नाव सांगा: चिमाजी बाळाजी भट. आणि पुण्याला गेलात, शनिवारवाडा पाहिलात, तर तसेच परत फिरू नका. ओंकारेश्वराला जा आणि वसईकरांचा नमस्कार तिथं पोचवा.